न्यारा कापूस

शिरीनच्या आजाराचं नाव आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि फक्त तिलाच ते माहीत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. मुलगी एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्रात पहिली येणारी. अशा पोरीला काही कळत नाही असं समजायला भारीच धाडस लागतं. ते आम्हा सगळ्यांकडे होतं, माझ्याकडेही.

तिचे वडील जब्बारभाई पिंजारी. मशीनवर कापूस पिंजून गाद्या भरायचं त्यांचं दुकान आहे आणि मागेच घर. मी त्यांच्या गाद्यांच्या खोळी शिवते. माझं शिलाई मशीन गेली बारा वर्षं त्यांच्या ओट्यावर आहे. त्यामुळे शिरीनच्या मानेवरची गाठ, सुरतचा दवाखाना, तिला बाहेर बसवून डॉक्टरांनी बापाला सांगितलेला शब्द, हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं. घरात मात्र नुसतं ‘गाठ’ म्हणायचं ठरलं. इंजेक्शनं झाली की गाठ विरघळेल, असं पोरीला सांगितलं.

आता गंमत बघा. जब्बारभाईंना इंग्रजी वाचता येत नाही. दर पंधरा दिवसांनी सुरतहून येताना गाडीत ते फाईल शिरीनच्याच हातात द्यायचे आणि गोळ्या कधी घ्यायच्या, पुढची तारीख कोणती ते विचारायचे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत तो शब्द होता. ती त्याच्यावरून उडी मारून थेट गोळ्यांवर यायची. बापाला वाटायचं, पोरीच्या नजरेतून सुटला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ कधीच उघडली होती, आणि ती उघडलीय हे पोरगीच आमच्यापासून लपवत होती.

भेटायला येणाऱ्या बायका तिच्यादेखत तिच्या आईला, साबिराला, विचारायच्या की ही जेवते का, हिला झोप लागते का. मी काही वेगळी नव्हते. डाळिंबं द्यायची, बरी दिसतेस म्हणायची आणि ओट्यावर परतायची. केस गळाले तेही ओढणीखाली राहिले. ओढणी ती आधीही घ्यायची, म्हणून कोणी विचारलं नाही. कॉलेजच्या मुलींच्या ग्रुपवर आठवडाभर फुलांची चित्रं आली, मग ग्रुप परीक्षेला लागला. बालमैत्रीण अस्मा दोनदा आली आणि दोन्ही वेळा घड्याळाकडे बघत बसली. शिरीननं कोणाला नावं ठेवली नाहीत. उलट थट्टा करायची, की मी महिन्यातून दोनदा सुरतला फिरून येते, तुम्ही कुठे जाता? आम्ही हसायचो. एवढी हसते म्हणजे हिला ठाऊक नाही, असं धरून चालायचो. त्या घरात माणसं चिक्कार होती आणि ती पोर एकटी होती.

फेब्रुवारीत रनाळ्याच्या एका लग्नाच्या बारा गाद्यांचं काम आलं. त्याच दिवसांत साबिरानं शिरीनची गादी पिंजायला काढली. पोरीची हाडं दुखायची, गादी मऊ झाली तर बरं.

या दुकानाचा एक रिवाज आहे. ज्याच्या उठण्याची आशा उरली नाही, अशा माणसाची गादी आली की तिचा कापूस इतरांच्या कापसाजवळही ठेवत नाहीत. वेगळ्या चादरीत बांधून कोपऱ्यात ठेवायचा आणि सगळ्यात शेवटी पिंजायचा. त्याला ‘न्यारा’ कापूस म्हणतात. जब्बारभाईंच्या वडिलांपासूनची ही रीत, आणि शिरीन या कापसात खेळून मोठी झालेली.

दुपारी ती चहा घेऊन दुकानात आली. कोपऱ्यात एक गाठोडं होतं आणि त्यावर तिच्याच गादीची गुलाबी खोळ. जब्बारभाईंनी विचार करून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. हाताला सवय होती, हातानं बांधलं. तिनं चहा खाली ठेवला आणि पिंजायचं मशीन बंद केलं.

“मन्हा कापूस न्यारा काब ठेयेल शे, अब्बा?”

माझा कापूस वेगळा का, या प्रश्नावर ते गाठोड्याकडे बघत राहिले. ती आत गेली, फाईल घेऊन आली, कापसातच बसली आणि पहिल्या पानावरचा तो शब्द मोठ्यानं वाचला. कॅन्सर. जब्बारभाई खाली बसले.

“बठ्ठं वाच,” ते म्हणाले. “काही सोडू नको.”

तिनं सगळं वाचलं, अहिराणीत समजावून सांगितलं. गाठी निम्म्याहून कमी झाल्यात, हा आजार बहुतेकांचा बरा होतो, असंच डॉक्टरांनी लिहिलं होतं. तोंडानंही सांगितलं असणार. पण तो शब्द कानावर पडल्यावर जब्बारभाईंनी पुढचं काही ऐकलंच नव्हतं. सात महिने हा माणूस पोरीला मनातल्या मनात पुरून बसला होता. ते ढसाढसा रडले. मग उठून त्यांनी गाठोडं सोडलं, घरातून स्वतःची गादी आणून उसवली आणि दोन्ही कापूस एकत्रच मशीनला लावले.

तेव्हा मला वाटलं, या लपवालपवीतून सुटली बिचारी. आठवड्यानं ती माझ्या मशीनशेजारी येऊन बसली. बराच वेळ चिंध्या निवडत होती.

“आते अब्बा रोज मन्हापुढे रडतस,” ती म्हणाली. “मी कोनापुढे रडू, काकू?”

मी मशीन थांबवलं. म्हटलं, माझ्यापुढे रड.

ती रडली नाही. रागावलीही नाही. माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, “तुमी सात महिना आठेच व्हतात. आधी काब नही इचारं?”

सात महिने मी इथेच ओट्यावर होते आणि एकदाही तिला विचारलं नव्हतं. मला भयंकर लाज वाटली. ती उठून आत गेली, आणि तिच्यामागे जाण्याइतका धीर गोळा करायला मला संध्याकाळ झाली.