बाटल्यांची पाळी

ईट गावचे धोंडीबा आणि जलील यांची विहीर सामाईक. एक दिवस याची पाळी, एक दिवस त्याची. मोटार उशिरा बंद केली म्हणून दोघं उभा जन्म भांडत आले. म्हातारपणी दोघांच्याही यकृतात कॅन्सर निघाला, तोही बरा न होणारा. गाव म्हणालं, यांनी दुखणंसुद्धा निम्मंनिम्मं घेतलं.

दवाखान्यातल्या राजनंदिनी मॅडमनी दोघांना एका चाचणीत घेतलं. औषध जुनंच, भलत्याच आजारावर चालणारं. त्यानं रोग जाणार नव्हता. भूक लागते का, दुखणं हलकं होतं का, एवढंच बघायचं होतं. पण काहींच्या बाटलीत औषध आणि काहींच्या बाटलीत तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाला काय मिळालं, हे मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

धोंडीबाला रोगापेक्षा याचाच घोर लागला. हुलग्याचे शेंगोळे पुन्हा चवीनं खावेत, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यात त्याच्या बायकोनं, दगडाबाईनं बातमी आणली, की जलीलनं काल जेवताना बायकोकडून, अजीजाकडून, सालन मागून घेतलं. धोंडीबानं ताट सरकवलं. खरी बाटली तिकडंच गेली होती तर.

सकाळी तो बांधावर गेला, तर जलील आधीच उभा.

"लई जेवाया लागलास म्हणं," धोंडीबा म्हणाला.

"अजीजानं बळंच वाढलं. माझा शक तर तुझ्या बाटलीवर हाय."

भांडायला दोघांनाही जोर नव्हता. मग जलीलच म्हणाला, "विहिरीवानी करू. आज तुझी बाटली मला, उद्या माझी तुला."

त्या दिवसापासून बाटल्या बांध ओलांडू लागल्या.

पुढच्या तपासणीला मॅडमनी जलीलच्या बायकोला विचारलं, गोळी रोज देता ना? अजीजाबी भाबडेपणानं म्हणाली, "देते की. आज धोंडीबाभाऊंच्या बाटलीची पाळी हाय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. दोघांचं नाव चाचणीतून गेलं, बाटल्याही गेल्या. धोंडीबाचा चेहरा उतरला. ते बघून मॅडम म्हणाल्या, उपचार थांबणार नाहीत, भुकेसाठी दुसरं औषध देते.

"दोघाला एकच?" धोंडीबानं विचारलं.

"एकच."

"त्यात पोकळ न्हाय ना?"

"नाही, आजोबा."

परतताना भूमच्या स्टँडवर त्यांनी भज्यांची एक पुडी घेतली. ईट येईपर्यंत एसटीत एकच वाद चालला होता, शेवटचं भजं खाल्लं कुणी.