वर्षाचा प्रोजेक्ट आणि माझी इंटरनॅशनल कंपनी

आमच्या कंपनीचं मुख्यालय, संशोधन केंद्र आणि गोदाम ही तिन्ही गेवराईत एकाच पंख्याखाली होती. लोक तिला दुकान म्हणायचे, पण लोकांना काय! मी पाटीवर 'इंटरनॅशनल' असं ठसठशीत लिहून घेतलं होतं, कारण गोदावरी ओलांडून शहागडचं एक गिऱ्हाईक आमच्याकडून कॉम्प्युटर घेऊन गेलं होतं. (ते परत करायलाही आलं होतं, पण निर्यात ती निर्यातच.)

माझी बायको वर्षा तेव्हा बीडच्या कॉलेजात एमबीए करत होती. रोज एसटीने जाऊन-येऊन. दुसऱ्या वर्षाला तिला मॅनेजमेंट अकाउंटिंगचा प्रोजेक्ट आला. एखादी कॉम्प्युटर कंपनी घ्यायची, तिचं धोरण काय, तिला धोके कोणते, तिचा खर्च कुठं होतो ते तपासायचं. वर्गातल्या सगळ्यांनी अमेरिकेतल्या कंपन्या उचलल्या आणि इंटरनेटवरून उतरवून काढल्या. सरांनी त्या तशाच परत दिल्या. "जिच्या दारात उभं राहता येईल अशी कंपनी आणा," म्हणाले.

"मी आपलं दुकान घेऊ का?" वर्षाने विचारलं.

"कंपनी म्हण," मी म्हणालो. "आणि घे. पण मी सांगेन तसंच लिहायचं."

मग मी सांगत सुटलो. चार विभाग. प्रशिक्षित कर्मचारीवर्ग. लवकरच बीडमध्ये भव्य शोरूम! (हे शेवटचं मात्र खरं होतं. सोमवारी गाळ्याचा करार ठरला होता आणि त्यासाठी आई तिच्या पाटल्या मोडायला तयार झाली होती.) वर्षाने मधेच काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हणालो, "पुढचं लिही."

गुरुवारी ती कॉलेजातून आली तीच पांढरीफटक होऊन.

"अहो, सर शनिवारी येतायत. कंपनी बघायला."

"कोणती?"

"आपली!"

माझ्याकडे दीड दिवस होता. त्यात मी चार विभाग उभे केले. दारातल्या टेबलावर आईला बसवलं आणि 'ग्राहक सेवा' अशी पाटी लावली. आई लग्नातली जरीची साडी नेसून आली. माझे वडील, म्हणजे आबा, खुर्चीत बसून पेपर वाचायचेच. त्यांच्यापुढे 'सल्लागार' लिहून ठेवलं. आमचा मेकॅनिक शकील माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि कामात माझ्यापेक्षा साठ वर्षांनी पुढे. त्याला कोपऱ्यात पडदा लावून त्याच्यामागे दडवला आणि पडद्यावर 'संशोधन व विकास' असं चिकटवलं. "मालक, मी नेमकं काय शोधू?" त्याने आतून विचारलं. "काहीही शोध, पण गप्प शोध," मी म्हणालो. उरला साठा. त्यासाठी गावभर फिरून रिकामी खोकी गोळा केली आणि छतापर्यंत रचली. बघणाऱ्याला वाटावं, चाळीस कॉम्प्युटर तर सहज असतील! खरे होते दोन. त्यातला एक बंद.

शनिवारी अकरा वाजता सर आले. बारीक अंगाचे, शांत, हातात वही. पहिलाच प्रश्न त्यांनी आईला विचारला. "ग्राहक सेवेत आपण काय करता?"

"च्या करते," आई म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की एक, घासाघीस लांबली की दोन. अन् न्हाई घेतलं तरी एक. तसं कसं पाठवायचं?"

सरांनी लिहून घेतलं. तेवढ्यात एक बाई आल्या. "पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय." मी खुणेनेच त्यांना वाटेला लावलं. आंतरराष्ट्रीय कंपनीत सरांसमोर फॉर्म? मग एक जण झेरॉक्स काढायला आला. मग प्रिंटवाले चौघं. मी सगळ्यांना "उद्या या, उद्या या" करत पायरीवरूनच परतवलं. अर्ध्या तासात सहा गिऱ्हाइकं घालवली! सर प्रत्येक वेळी मान वर करून दाराकडे बघत आणि वहीत एक रेघ ओढत.

"एका कॉम्प्युटरमागे तुम्हाला किती सुटतात?" त्यांनी विचारलं.

"बाराशे!" मी छाती काढून सांगितलं.

"आणि खर्च?"

"खर्च कसला? माल आणायचा, विकायचा."

आता वर्षाने पर्समधून स्वतःची एक छोटी डायरी काढली. मी ती कधी बघितलीही नव्हती. "सर, माल आणायला संभाजीनगरची फेरी, तिथलं जेवण, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जोडून देणं. मग तीन महिने कुणाची बटणं अडकली, कुणाची वायर निघाली म्हणून फुकट चकरा. त्यांचं पेट्रोल. मी सगळं लिहून ठेवलंय. एका कॉम्प्युटरमागे चौदाशे जातात."

आबांनी पेपर खाली ठेवला. "म्हंजी जे इकलं न्हाई तेच फायद्याचं म्हनायचं!"

मला दरदरून घाम फुटला. आईला वाटलं, उकडतंय. "आरं, साहेबबी घामाघूम झाले की!" असं म्हणत तिने खोक्यांकडे तोंड असलेला मोठा कूलर पूर्ण जोरात सुरू केला.

पुढचं सगळं चार सेकंदांत झालं. वरचं खोकं हललं, त्याने खालच्याला ढकललं, आणि आमचा अख्खा साठा सरांच्या अंगावर आला! जाता जाता त्याने पडदाही नेला. पडद्यामागे शकील शेजारच्या काकूंचा मिक्सर उघडून बसला होता. खोक्यांच्या ढिगातून सरांचा आवाज आला.

"तुमचा साठा फार हलका आहे."

आम्ही धावत त्यांना बाहेर काढलं. केसातली थर्माकोलची गोळी काढत सर शकीलला म्हणाले, "हे काम चांगलं जमतंय तुम्हाला. किती घेता?"

"फुकट, सर. मालक म्हणतात, त्यानं कंपनीचं नाव होतं."

सरांनी तेही लिहून घेतलं. मग मला विचारलं, "आता शेवटचं. कंपनीला जोखीम काय?"

"काहीच नाही!" मी म्हणालो. (अजून!)

"हाय की," आबा म्हणाले. "ह्यो सोमवारी बीडला गाळा घ्यायला निघालाय. मायच्या पाटल्या मोडून."

आईने नकळत मनगट पदराखाली घेतलं. ते मी पाहिलं आणि माझी मान जी खाली गेली ती वर येईना.

सर हसले नाहीत. वही मिटून इतकंच म्हणाले, "इथं एका नगावर दोनशे जातात. बीडला जास्त नग विकाल, म्हणजे जास्त दोनशे जातील. घरातल्या कुणी सांगितलं नाही?"

"तीनदा सांगितलं, सर," वर्षा म्हणाली. "हे म्हणाले, तुला धंद्यातलं काय कळतं. म्हणून प्रोजेक्ट घेतला."

खोकी आवरायला सर स्वतः बसले, आणि मग आईच्या हातची भाजीभाकरी खाऊन दुपारभर थांबले. फॉर्म, झेरॉक्स, दुरुस्ती यांवर काय सुटतं आणि कशावर जातं, हे त्यांनी मला शाळेतल्या पोराला शिकवावं तसं शिकवलं. निघताना फक्त आणखी एक भाकरी मागून घेतली. सोमवारी मी बीडला गेलो नाही. आज दुकानात फॉर्मवाल्यांची रांग असते, दुरुस्तीचे पैसे शकील मोजून घेतो आणि त्यात त्याची भागी आहे. कॉम्प्युटर आम्ही गिऱ्हाइकाने आधी सांगून ठेवलं तरच आणतो. पाटल्या आईच्या हातात आहेत; भाकरी थापताना त्यांचा आवाज येतो तेव्हा मी मनातल्या मनात वर्षाला हात जोडतो. (उघड जोडले तर ती डायरीत लिहील.)

परवा एक विक्रीवाला आला. गल्ल्यावर वर्षा बसली होती, मी बाकावर पेपर वाचत होतो. त्याने शकीलला विचारलं, "मालक कोण?" शकीलने वर्षाकडे बोट दाखवलं. "मग ते बाकावरचे?"

"ते? ते फिक्स खर्च हायेत," शकील म्हणाला. "काम करोत नाहीतर न करोत, तेवढा धरूनच चालायचं."