बटलरमामांची मडम

आयुष्यभर जगातली बंदरं पाहून जगाबद्दल इतकं चुकीचं सांगणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. आणि ज्याचं चुकीचं सांगणं माझ्या इतकं कामी आलं, असाही दुसरा नाही. रेडीला ते आमच्या शेजारी राहत. बोटीवर भांडी घासायला लागले आणि बटलर होऊन घरी आले, म्हणून साऱ्या गावाचे बटलरमामा. आपल्या ओटीला ते डेक म्हणत, चुलीपुढच्या मामीला चीफ कुक म्हणत, आणि मामी त्यांना काय म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेजेच्या वाटीखाली बशी नसली तर ते जेवायला बसत नसत.

साठ सालाच्या थोडं आधीची गोष्ट. माझे यजमान मोंबासाला बंदराच्या कचेरीत कारकून होते. बिऱ्हाड मिळालं, मुलींना घेऊन ये, असं त्यांचं पत्र आलं. आनंद व्हायचा, तर खाली आणखी दोन ओळी होत्या. इथल्या शाळेच्या मोठ्या बाई मुलांना इंग्रजीत प्रश्न विचारतात, बोलली नाहीत तर घेत नाहीत. शालूचं जमणार नसेल तर तिला सावंतवाडीला तुझ्या आईकडे ठेव. थोरल्या कुमुदची काळजी नव्हती. ती गप्प बसली तर मी ताप बघायची. पण सात वर्षांची शालू परकं माणूस दिसलं की माझ्या निऱ्यांत तोंड खुपसायची. इंग्रजी राहू दे, मालवणीतसुद्धा तिने कुणा परक्याला कधी आपलं नाव सांगितलं नव्हतं. आता हिला मागे ठेवून मी समुद्रापार जाऊ कशी? पत्र कमरेला खोचून दोन दिवस डोळे पुसत होते. मामांनी ते कुंपणावरून पाहिलं.

"रडतंस कित्या गो बाय? मी आसंय मा! दोन म्हयन्यात चेडवांची मडम करून दितंय!"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खळ्यात शाळा भरली. पायात कधी वहाण न घातलेल्या पोरींना त्यांनी आपले बोटीवरचे बूट दिले, आत काथ्या कोंबला आणि तुळशीभोवती फेऱ्या मारायला लावल्या. बांगडा काट्याने धरून सुरीने कापायचा, हा धडा आठवडाभर चालला. त्या आठवड्यात आमचं मांजर पोसलं. तिकडे वादळ झालं की शाळा नांगर टाकते, हेही त्यांनी शिकवलं. एकदा घरी निघताना कुमुद ऐटीत म्हणाली, "आय ॲम गोइंग." मामा उसळले.

"गोइंग? अगो, भायर पडताना कोण जातंय म्हणता? येतंय म्हणूचा! म्हण, आय ॲम कमिंग!"

"पण मामा, पुस्तकात गोइंग आसा."

"पुस्तक लिवणाऱ्याक त्याच्या आयशीन शिकवूक नाय!"

शालू मात्र निऱ्या सोडीना. मग मामांनी निराळंच काढलं. खांद्यावर घडीचा पंचा, हातात ताटली, त्यात नारळाची वडी. तिच्यापुढे वाकून विचारायचे, "व्हॉट यू लाइक, मडम?" आणि उत्तर येईपर्यंत उभे. रोज. मी म्हणे, मामा, टेका जरा. ते म्हणत, "पॅसेंजर बोलल्याशिवाय बटलर हलना नाय." एका दुपारी ऊन उतरेना आणि मामाही हलेनात. घाम कपाळावरून मिशीत, मिशीतून ताटलीत. शालूने निऱ्यांतून एक डोळा काढला, मग दुसरा, आणि बारीक आवाजात म्हणाली, "मामा, सिट डाउन." मामा असे बसले की मामी काय पडलं म्हणून धावत बाहेर आली. मी तिथल्या तिथे ठरवलं, जायचं तर तिघींनीच जायचं.

मोंबासाच्या शाळेत मोठ्या बाई गोऱ्या, उंच, चष्म्यावरून बघणाऱ्या. कुमुदने विचारलेलं सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं. शालूला बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं. शालूचं तोंड माझ्या निऱ्यांत. बाईंनी पुन्हा विचारलं. तोंड निऱ्यांतच. यजमान बुटांकडे बघत राहिले, मला सावंतवाडीचं घर दिसायला लागलं. बाईंनी मान हलवून दाराकडे बोट दाखवलं. आम्ही निघालो. दारात शालू थांबली, मागे वळली आणि शिकवल्याप्रमाणे निरोप घेतला, "आय ॲम कमिंग, मडम."

बाईंनी चष्मा काढला. "कमिंग? गुड! देन कम ऑन मंडे." आणि नाव लिहून घेतलं. तो नुसता निरोप होता, हे सांगायला मी काही मागे फिरले नाही.

पाच वर्षांनी रजेवर आलो. मामा थकले होते, डेकवरच पडून असायचे. शालू त्यांच्या उशाशी बसली आणि इंग्रजीत जी सुटली ती थांबेना. शाळा, मैत्रिणी, भांडणं, सगळं. मामा डोळे मिटून "यस, यस" म्हणत होते. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "शालू, पुरे गो, मामांना दमवू नको."

मामांनी डोळे न उघडता हात वर केला.

"बोलांदे गो तिका. माका समजना नाय म्हणान काय झाला? बोलांदे."