रॉकीने न कापलेलं जाळं

पाचूबंदरचा रॉकी त्रेसष्ट वर्षांचा आहे. अकराव्या वर्षी बापाबरोबर समुद्रात गेला तो गेल्या वर्षी होडी विकेपर्यंत तिथेच होता. वसईसमोरच्या समुद्रात कोणाच्या जाळ्याचे खुंट कुठे रोवलेत, हे तो शेजारची घरं सांगावीत तसं सांगतो. अशा माणसाला झोपाळू म्हटलं गेलं, आणि म्हणणारा माझा सख्खा भाचा!

कौस्तुभ वसईतल्याच एव्हरशाईन वसाहतीत राहतो. मुंबईतल्या एका क्लबची शिडाची बोट चालवतो. फेब्रुवारीत ती अर्नाळ्याला न्यायचं ठरलं तेव्हा हौसेने मलाही घेतलं. वाटाड्या म्हणून रॉकीचं नाव मीच सुचवलं होतं. आमच्या निर्मळच्या घरी वीस वर्षं त्याचीच मासळी यायची. सफर नीट झाली तर क्लब त्याला बोटीवरचा तांडेल, म्हणजे नाखवा, म्हणून कायम ठेवणार होता. होडी गेल्यापासून रॉकी त्याच कामाकडे डोळे लावून बसला होता.

माझ्या डायरीत वेळा आहेत. अकरा वीसला रॉकी म्हणाला, "साहेब, बाहेरून घ्या. ओहोटीची ओढ लागली की जाल्यांवरचे बोये पान्याखाली जातात. वरून मोकलं दिसतं, पन खाली जाली हायेत."

कौस्तुभने स्क्रीनवर टिचकी मारली. "काका, मॅपवर काही नाहीये. तुम्ही बसा, चहा घ्या."

अकरा पस्तीसला बोट कचकन थांबली. शिडं फडफडली, बोट कलली, माझा थर्मास घरंगळत गेला. खुंटांना बांधलेलं जाळं सुकाणूत अडकलं होतं.

रॉकी सुरी घेऊन पाण्यात उतरला.

"कापा ना, काका!" कौस्तुभ ओरडला.

"कापू? रॉबर्टचं जालं हाय. रोज त्याच्या दारावरून जातो मी."

सुरी त्याने दातांत धरली ती तशीच राहिली. तो बुडी मारायचा, थोडं जाळं सोडवायचा, श्वासाला वर यायचा. बोट सुटली तेव्हा बारा वीस झाले होते. त्याची बोटं सोलली होती. जाळं शाबूत होतं.

आठ दिवसांनी कौस्तुभने क्लबला लिहिलेला अहवाल मला कौतुकाने वाचायला पाठवला. 'स्थानिक मदतनीस डुलकी घेत असल्याने बोट जाळ्यात गेली. जाळं न कापल्याने पाऊण तास वाया गेला.' क्लबने रॉकीला येऊ नका म्हणून कळवलंही होतं.

मी ताबडतोब फोन लावला.

"मावशी, एवढं काय त्यात? त्यांना कुठे वाचता येतंय?"

"मला येतं."

"घरातली गोष्ट क्लबमध्ये कशाला नेतेस?"

"रॉकीला तू घरातला कधी धरलास?"

त्याने फोन ठेवला. मी डायरीतलं ते पान वेळांसकट उतरवून काढलं, खाली सही केली आणि क्लबच्या सेक्रेटरींना पाठवलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज संशयी होता.

"बाई, या रॉकीशी तुमचं नातं काय?"

"काही नाही. सुकाणू ज्याच्या हातात होतं त्याची मी मावशी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "त्यांना सोमवारी कामावर पाठवा."

रॉकीला सांगितलं तर म्हणाला, "बाय, पोराला लय बोलू नका आता."

मी बोलणार आहे. रविवारी जेवायला बोलावलंय कौस्तुभला.