किल्ल्याचा धडा शेवटी

गुरुबसप्पा मास्तरांचं सगळं पहिल्यापासून असायचं. कुणी सहज विचारलं, "मास्तर, जेवलात का?" तर बाजारात वांगी कशी मिळाली इथून ते सुरुवात करत, आणि विचारणारा मनातल्या मनात कानाला खडा लावी. शाळेत इतिहास शिकवतानाही तेच. वर्ष सरत आलं तरी पोरं अशोकाच्या अलीकडे येत नसत. बायको सिद्धम्मा म्हणायची, "ह्यांला शिंक आली तरी आदी तिचा इतिहास सांगतील." मास्तर हसत. त्यांना ती स्तुतीच वाटे.

या सवयीखाली एक जुना घाव होता. तरुणपणी ते पुण्याला कॉलेजात गेले होते. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी रोमबद्दल काही विचारलं. सोलापूरच्या या पोराने रोमचं नुसतं नाव ऐकलेलं. त्याने काहीतरी ठोकून दिलं आणि सगळा वर्ग खदखदून हसला. दसऱ्याच्या सुटीत घरी आले ते मास्तर परत गेलेच नाहीत. पुण्याचं पाणी मानवत नाही, असं घरात सांगितलं. बी.ए. राहिलं ते राहिलंच.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची एकुलती एक लेक काशम्मा मॅट्रिक झाली. हेडमास्तर पेढे खायला घरी आले आणि म्हणाले, "पुण्यात माझी बहीण आहे, पोर तिच्याकडे राहील. यंदाच पाठवा."

काशम्माला बी.ए.ला इतिहासच घ्यायचा होता. बाळीवेशीतल्या घरून सिद्धरामेश्वराच्या देवळात जाताना वाटेत किल्ला लागे. एवढ्या मोठ्या भिंतींमागे कोण राहत होतं, त्यांच्यासाठी कोण कुणाशी भांडलं, हे कोडं तिच्या मनात लहानपणापासून बसलं होतं.

"जाईल की," मास्तर म्हणाले, "पण वर्षभर घरी तयारी करून जाईल. पुण्यात तिला कुणी हसायला नको."

मग त्यांनी पार बी.ए.पर्यंतचा अभ्यास आखला. गिरणीच्या पहाटेच्या भोंग्याला ग्रीस, दुपारच्या भोंग्याला रोम, शाळा सुटल्यावर इंग्लंडचे राजे. ते पक्के झाले की हिंदुस्थान, आणि सगळ्यांच्या शेवटी दख्खन. वाचनालयातून जाडजूड इंग्रजी पुस्तकं घरी येऊ लागली. आखणी देखणी होती, यात शंका नाही. मास्तरांना तर ती आखताना आपणच बी.ए. झाल्याचा आनंद झाला.

"अप्पा, किल्ला कधी?" काशम्मा विचारी.

"सगळ्यांत शेवटी. आधी पाया पक्का होऊ दे."

पोरगी मुकाट्याने रोमकडे वळायची.

संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी सिद्धम्माचा भाऊ मडिवाळप्पा अक्कलकोटहून आला. त्याची तिथे आडत होती आणि मुलगा लग्नाचा होता. भाची मामाच्या घरी द्यायची ही त्यांच्यातली जुनी रीत. मामाने मागणीही घातली नाही, हक्कच सांगितला.

"ती अजून शिकतेय," मास्तर म्हणाले.

"दाजी, कालेजात गेली असती तर मी तोंड उघडलं नसतं," मडिवाळप्पा म्हणाला. "पन पोरगी तर घरीच हाय की."

तयारी चाललीय, म्हणून मास्तर समजावू लागले आणि त्यांनी ग्रीसपासून सुरुवात केली. मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि बहिणीकडे पाहिलं. सिद्धम्मा म्हणाली, "भावाला न्हाय म्हनून मी म्हायेरी कुठल्या तोंडानं जाऊ?" मास्तरांनी होकार दिला. हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा काशम्मा आत भाकरी थापत होती. तिला कुणी बाहेर बोलावलं नाही. वैशाखात लग्न लागलं, आणि तिचा अभ्यास रोममध्येच राहिला.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा मास्तरांना पुन्हा हुरूप चढला. एवढे महिने घरात आहे, तर बराच पल्ला गाठता येईल, असा त्यांनी हिशेब मांडला. पण पुस्तक उघडलं की पोरीचे डोळे मिटायचे. "अप्पा, डोक्यात काही राहत नाही हो आता," एकदा ती ओशाळून म्हणाली. मास्तर पुस्तक मिटून परसात गेले.

सासरी परतायच्या दिवशी सामान बांधून झालं होतं. टांगा यायचा होता. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली काशम्मा म्हणाली, "अप्पा, किल्ल्याचं तेवढं सांगा. पहिल्यापासून नको."

मास्तरांनी आयुष्यात प्रथमच मधूनच सुरुवात केली. किल्ला नगरच्या निजामशाहीकडे होता आणि विजापूरच्या आदिलशाहीला तो हवा होता. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. अखेर नगरच्या सुलतानाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरला दिली आणि तिच्याबरोबर हा किल्ला आंदण दिला.

काशम्मा नीट जागी होऊन ऐकत होती.

"आणि चांदबिबीला कुणी विचारलं होतं का?"

मास्तरांनी हा भाग कितीदा वाचला होता. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"तसं कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"मग शोधायला पाहिजे की कुणीतरी." एवढं सहज बोलून ती बाळाची कुंची बांधू लागली.

मास्तरांच्या मनात आलं, असं विचारणारी पोर पुण्याच्या त्या वर्गात बसली असती, तर हसायची कुणाची छाती झाली नसती. कसल्या तयारीसाठी आपण तिला घरी ठेवून घेतलं?

टांगा दारात आला. जावयाने ट्रंक चढवली, सिद्धम्माने लेकीच्या ओटीत नारळ घातला. काशम्मा बाळाला घेऊन आत बसली. मास्तर टांग्याची कड धरून उभे होते, ती काही त्यांच्याने सोडवेना.

"काशी, त्या वर्षी तुला विचारलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

तिने बापाकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"यंदाच जाते म्हणाले असते, अप्पा. रोम तिथं गेल्यावर वाचलं असतं."

टांगा निघाला. मास्तर वेशीपर्यंत त्याच्यामागून चालत गेले. दुपारचा भोंगा झाला, तसे ते शाळेकडे वळले.