नववीतला पहिला झुरका

हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही, पोरंच रोज दोन-चार आणून देतात. त्यात सोनईच्या बाजूच्या आमच्या शाळेत मी एक हट्ट धरलाय: नववीतल्या एकाही पोरानं विडी-सिगारेटचा पहिला झुरका मारायचा नाही. स्टाफरूममध्ये हसतात. हसू देत!

*

पहिलं पोस्टर मी स्वतः रंगवलं. काळी पडलेली फुप्फुसं! आठवडाभर खपले होते.

नववीतली शबाना मान वाकडी करून बघत राहिली. म्हणाली, "बाई, वांग्याचं भरीत लई भारी जमलंय!"

पोस्टर उतरवलं. हट्ट नाही उतरवला.

*

मग वरून शपथेचा कागद आला. परिपाठाला सगळी शाळा हात पुढे करून म्हणाली, "मी आजपासून तंबाखू सोडत आहे."

पाचवीतली एक पोरगी रडायलाच लागली. "बाई, मी अजून धरलीच न्हाई, तर सोडू कशी?"

हेडसर म्हणाले, "कागदावर आहे तेच म्हणायचं!" दुसऱ्या दिवशी मी माझीच शपथ म्हणवून घेतली: "धरणारच नाही!" मला मेमो मिळाला. फ्रेम करून घरी लावलाय.

*

शाळेच्या गेटसमोरच पानटपरी. मी मालकाला नियम दाखवला. तो चुना लावता लावता म्हणाला, "टपरी आधीची हाय बाई, गेट नंतरचं. गेट हलवा!"

हलवलं! पालकांनी श्रमदान केलं आणि मागची भिंत फोडून नवं गेट बसवलं.

*

घाबरवून पोरं ऐकत नाहीत, हे मला उशिरा कळलं. मग वर्गात नकार द्यायची तालीमच सुरू केली. मी टवाळ दादा होऊन खडू पुढे करायचे. "मार की एक झुरका! घाबरती का काय?"

शबाना ताडकन म्हणाली, "हिंमत दाखवायला तुला काडी लागती व्हय रं?"

वर्गानं बाकं बडवली. मीही टेबल बडवलं.

*

गेल्या पालकसभेत नववीतल्या साहिलचे वडील तावातावानं उठले. "बाई, तुमच्या तालमीनं पोरगं बिघडलं! बारकं हुतं तवापासनं मला घरात विडी पेटवून आनून द्यायचं. आता म्हनतंय, न्हाई आननार. मी त्याला वढ म्हनलं का कदी? नुसती पेटवायचीच हुती ना!"

मागे बसलेला साहिल उभा राहिला. नजर वडिलांवरून हलली नाही.

"पप्पा, गॅसवर नुसती धरून विडी पेटत न्हाई. वढावी लागती. मी दुसरीपासनं वढतोय."