दुसरी रेघ

नौपाड्यातले आमचे दामूकाका कस लावायचे, म्हणजे सोनं खरं की खोटं ते सांगायचे. दुकान कसलं, जिन्याखाली मांडलेली एक खुर्ची. दागिना काळ्या कसोटीच्या दगडावर घासायचे आणि ती पहिली रेघ बघायचेसुद्धा नाहीत, अंगठ्यानं पुसून टाकायचे. मग दागिन्याच्या त्याच जागी दाब देऊन दुसरी, शेजारी माहितीतल्या सोन्याची, आणि वर तेजाबाचा थेंब. खोटी रेघ विरून जायची. "पहिली रेघ म्हणजे नुसती साल," काका म्हणायचे. "बोलते ती दुसरी."

माणूस तोंडाचा फटकळ. सासरचा हार घेऊन आलेली एक नवी नवरी तिथंच रडायला लागली, तर म्हणाले, "बाई, टिपं नंतर गाळा. आधी ऐका, यात अर्धं तांबं आहे." अख्खी आळी त्यांच्या शब्दावर विसंबून होती. बाबांचे ते जिवलग मित्र. आई दर दसऱ्याला पाटल्या त्यांच्याकडे उजळायला न्यायची, मी सोबत असायचे. काका हलकीशी एक रेघ ओढत आणि म्हणत, "वहिनी, शंभर नंबरी." आमच्या पाटल्यांना दुसरी रेघ लागायचीच नाही. मला त्याचा केवढा तोरा होता.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा लेकीचं लग्न ठरलं म्हणून त्या पाटल्या मी डोंबिवलीत, माझ्या घराजवळच्या सराफाकडे नेल्या. त्यानं आतल्या बाजूनं कानस फिरवली. वर सोन्याचा पातळ पत्रा, खाली लालसर तांबं. आईला फोन केला तर ती उखडलीच. "त्याला काय कळतंय? दामूभावजींकडे ने. ते सांगतील ते खरं."

नेल्या. काका आता बरेच थकले होते. कानशीची खूण त्यांनी पाहिली, पाटली उलटी फिरवली आणि हलकीशी एक रेघ ओढली.

"काका, दुसरी ओढा."

दगड त्यांनी खाली ठेवला. "तुझ्या बाबानं खऱ्या कधीच मोडल्या गं. या मीच घडवून दिल्या. त्यानं हात जोडले, मी काय करणार होतो?"

"आईला सांगायचं होतंत."

"वहिनींच्या तोंडावर? नाही जमलं."

बाबांचा राग आलाच, पण काकांचा जास्त आला. बाबांनी लपवलं, काकांकडे तर आम्ही खरं ऐकायला जात होतो. मी म्हटलं, "आता तुम्हीच या आणि सांगा तिला." येतो म्हणाले. आले नाहीत. आईला मी एवढंच सांगितलं, की काका स्वतः येऊन बोलणार आहेत. ती वाट बघत राहिली, आणि परवा काका गेले.

आई दिवसभर डोळे पुसत होती. संध्याकाळी म्हणाली, "खरं सांगणारं एक माणूस होतं बघ, तेही गेलं. आणि हे बघ, नातीच्या हातात पाटल्या मीच घालणार हं."

पाटल्या माझ्या पर्समध्येच होत्या. आता तिला सांगायचं ते मी, आणि तेही काकांसाठी ती रडत असताना. याबद्दल मी त्यांना माफ करणार नाही.